दिवाळीपर्यंत

“यंदा खंडेनवमी दणक्यात करायची,” निरंजनसाहेब म्हणाले, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो.

कारखान्यात काम म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. कुपवाडच्या एमआयडीसीतला आमचा छोटा कारखाना, ट्रकच्या गिअरबॉक्सचे शाफ्ट बनवणारा. दोन हजार एक सालची गोष्ट आहे ही. ट्रक खपत नव्हते, म्हणून शाफ्ट कुणाला नको होते, म्हणून आम्ही अर्ध्या पगारावर होतो. मी तपासणीच्या टेबलावर बसायची. तयार झालेला शाफ्ट मापात आहे का बघायचा, नसला तर बाजूला काढायचा. आमचे हे, सिदराम कोरे, मोठ्या लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर. कारखान्यात त्यांना सगळे अण्णा म्हणायचे आणि मला रत्नाताई. तोंडावर ताई, मागं काय म्हणत असतील ते मला ठाऊक आहे, कारण माझं तोंड पहिल्यापासून फटकळ.

“अहो साहेब, पगार अर्धा आणि पूजा दणक्यात?” मी म्हटलंच.

साहेब हसले. मालक तरुण होते, नेहमी इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. “रत्नाताई, अशा वेळीच करायची असते. मोठे पाहुणे येणार आहेत. मशीनं अशी चकचकीत दिसली पाहिजेत की मंदीनं तोंड लपवावं. रंग आणलाय. रॉकेल, कॉटन वेस्ट, लागेल ते मागा.”

“म्हंजे ऑर्डर हाय म्हणायची?” ड्रिलिंगवरच्या बाबू मगदुमनं विचारलं.

साहेबांनी नुसती मान तिरकी केली. हो पण नाही आणि नाही पण नाही. आम्ही ती हो धरली.

मंदी किती दिवस चालणार, हा प्रश्न त्या वर्षी आम्ही साहेबांना इतक्यांदा विचारला होता की विचारायचीही लाज वाटायला लागली होती. जानेवारीत ते म्हणाले होते, मार्च होऊ दे. मार्च झाला, तेव्हा म्हणाले, पाऊस चांगला झाला की ट्रक हलतील. पाऊस झाला. मग गणपती. मग सप्टेंबरात अमेरिकेत त्या इमारतींवर विमानं आदळली, आणि साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, आता जगच थांबलंय, आपण काय चीज आहोत. त्यांच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरवर काढलेला एक कागद भिंतीला लावलेला होता. एक रेघ खाली खाली जात होती आणि शेवटी जरा वर वळत होती. त्या वळणावर बोट ठेवून ते म्हणायचे, “ही दिवाळी. दिवाळीपर्यंत कळ काढा.”

आम्ही ती रेघ देवाच्या फोटोकडं बघावं तशी बघायचो.

त्याच दिवसांत शेजारच्या कुलकर्णी काकूंकडं ह्यांच्यासाठी फोन आला. बेळगावच्या एका वर्कशॉपचे मालक, हलगेकर म्हणून. मोठ्या लेथवर हात बसलेला माणूस पाहिजे, राहायला खोली देतो, पगार पूर्ण, पण दसऱ्याच्या आत काय ते सांगा, नाहीतर दुसरा बघतो. मी त्याच रात्री ट्रंक खाली काढली. हे मात्र म्हणाले, “आदी साहेबांच्या कानावर घालतो. साहेबांच्या वडलांनी, थोरल्या तात्यांनी मला हितं उभं केलंय. न सांगता जायाचं बरं दिसत न्हाई.”

“जावा, विचारा. ते काय, जावा म्हणणार हायेत का?”

“न्हाई म्हटले तर न्हाई.”

साहेबांनी ह्यांना खुर्ची दिली, चहा दिला. चौदा वर्षांत केबिनमध्ये खुर्ची मिळाली ती पहिल्यांदा. मग म्हणाले, “अण्णा, तुम्हीच विचार करा. सगळीकडं मंदी असताना माणूस कोण बोलावतं? काहीतरी पाणी मुरतंय. दोन महिने राबवून घेतील आणि वाऱ्यावर सोडतील. मी सांगतो ना, दिवाळीपर्यंत. त्या लेथवर दुसऱ्याचा हात मला बघवणार नाही.”

हे घरी आले ते हरखून. हात बघवणार नाही म्हणाले, हेच दहादा सांगितलं. दुसऱ्या दिवशी बेळगावला फोन करून नको म्हणून कळवलं. मी आदळआपट केली, दोन दिवस बोलले नाही, पण खरं सांगायचं तर साहेबांचा मुद्दा मलाही पटला होता. मंदीत माणूस कोण बोलावतं? मी ट्रंक परत माळ्यावर टाकली.

मग आम्ही मशीनं धुतली. तात्यासाहेबांनी, म्हणजे निरंजनसाहेबांच्या वडिलांनी, खंडेनवमीची पद्धत घालून दिली होती. ज्याचं मशीन त्यानं स्वतः पूजा करायची, बायकापोरांना घेऊन यायचं. पूजा झाली की मशीनला विश्रांती. दसऱ्याच्या सकाळी ज्यानं फूल वाहिलं त्यानंच ते उचलायचं, आणि मग मशीन चालू करायचं. मधल्या वेळात मालकानंसुद्धा हात लावायचा नाही. एकदा पुण्याचा ट्रक दारात उभा होता आणि आतला तयार माल एका मशीनच्या पाटावर राहिला होता. तात्यासाहेबांनी ट्रक दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवून ठेवला, पण पूजा हलू दिली नाही. आता तात्यासाहेब नव्हते. पण पद्धत होती.

आठवडाभर घासलं. लेथच्या खाली वर्षानुवर्षांचं तेल आणि लोखंडाचा कीस बसून दगड झाला होता. हे पोटावर झोपून पत्र्याच्या तुकड्यानं तो खरवडायचे. बाबू मगदुमनं ड्रिलिंग मशीनला हिरवा रंग दिला, वर नावाच्या पट्टीला पितांबरी लावली. मी माप घ्यायचे गेज पुसून मखमलीच्या तुकड्यावर मांडले. अर्ध्या पगारावर आम्ही पूर्ण दिवस राबलो, वर रविवारी आलो, आणि कुणी कुरकुर केली नाही. ऑर्डर येणार होती ना.

खंडेनवमीला सकाळीच झेंडूचा वास कारखानाभर पसरला होता. लेथला मोठा हार, बेडवर, म्हणजे खालच्या लांब लोखंडी पाटावर, कुंकवाचं स्वस्तिक, पुढं नारळ, विडा. पोरी नवे परकर घालून मशीनांमधून हिंडत होत्या. आमची धाकटी लेथचं चाक धरून उभी होती आणि सगळ्यांना सांगत होती, हे आमच्या पप्पांचं.

पाहुणे आले. तिघं. त्यातला एक वयस्कर, धोतर, काळी टोपी, पण हात बघितले की कळत होतं, माणूस मशीनवर काम केलेला आहे. साहेबांनी ओळख करून दिली ती एवढीच, “हे आपले पाहुणे.” आरती झाली. साहेबांनी प्रत्येक मशीनपुढं नारळ फोडला. सगळं रीतीप्रमाणं.

मग साहेब ह्यांच्या जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “अण्णा, एकदा लेथ चालवून दाखवा. पाहुण्यांना बघायचाय.”

हे गडबडले. “साहेब, आज? पूजा झालीया. आज चालवत न्हाईत.”

“दोन मिनिटं हो. ऑर्डरचा प्रश्न आहे.”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. पण बाबू म्हणाला, “चालवा अण्णा, पोरांच्या पोटाचं हाय. देव काय रागवत न्हाई.” मग ह्यांनी हार जरा बाजूला सरकवला, लेथला हात जोडले आणि चालू केला. लोखंडाचा बार लावला, एक कट घेतला. कीस असा सरळ सुटत गेला, अखंड. काळ्या टोपीवाल्या पाहुण्यांनी चष्मा चढवला, खाली वाकून आवाज ऐकला, हाताच्या बोटांनी बेडवरून चाचपलं.

“मस्त ठेवलंय ओ,” ते म्हणाले. “खेळ न्हाई काही, कुठंच ढिलं न्हाई.”

ह्यांची छाती फुगली. मला वाटलं, झालं काम.

मी प्रसाद घेऊन गेले. पाहुण्यांनी ओंजळीत पेढा घेतला, कपाळाला लावला आणि मला विचारलं, “वहिनी, हे मागचं शटर पूर्ण वर जातं काय ओ? रुंदी किती आसंल?”

मी म्हटलं, “जातं की. का?”

“आन् लेथचे फाउंडेशन बोल्ट किती खोल हाईत, माहीत हाय काय?”

मी हातात ताट घेऊन तशीच उभी राहिले. माझ्या टेबलापुढं खूप गिऱ्हाइकं उभी राहिलेली मी बघितली होती. गिऱ्हाईक शाफ्टचं माप विचारतं, माल कधी देणार विचारतं, भाव पाडतं. दाराची रुंदी कुणी विचारत नाही. जमिनीत बोल्ट किती खोल आहेत हे, मशीन उपटायचं असेल, त्यालाच लागतं.

पण मी सरळ विचारलं नाही. म्हटलं, “काका, तुमच्याकडं मंदी कशी काय हाय?”

“मंदी?” ते हसले. “ती गेली की ओ कधीच. गणपतीपासून काम इतकं आलंय, मशीनं पुरेनात, माणसं मिळेनात. म्हणून तर हे घेऊलालोय.” त्यांनी लेथवर हात थोपटला. मग ह्यांच्याकडं वळले. “हात लई चांगला हाय तुमचा. नाव काय म्हणालात?”

“सिदराम कोरे.”

पाहुण्यांच्या हातातला पेढा हातातच राहिला. “कोरे? तुम्हीच काय ओ ते? मी हलगेकर. फोन केलो न्हवतो काय तुम्हाला? ऑगस्टात एका रविवारी बंद मशीन बघून गेलो, तेव्हाच तुमच्या साहेबांना म्हणालो, मशीनसंगट माणूसबी द्या. त्यांनीच तुमचं नाव सांगितले. मग तुम्ही नको म्हणालात.”

“मग आता...” ह्यांनी विचारलं.

“आता काय, परवा दुसरा ठेवून घेतलो. दसऱ्याच्या आत पाहिजे होता माणूस.” ते खरंच ओशाळले होते. “मला काय माहीत ओ.”

बाबू मगदुम आपली हिरव्या रंगानं माखलेली बोटं बघत होता, रंग निघाला नव्हता अजून.

मला आठवतं ते एवढंच की मी ताट खाली ठेवलं. फेकलं नाही, प्रसादाचं होतं. मग साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिले. राग म्हणजे काय ते मला त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतं. त्याआधी मी नुसती चिडत होते.

“साहेब, मंदी किती दिवस चालणार?”

“रत्नाताई, आत बसून बोलू.”

“आत न्हाई. हितंच. सगळ्यांसमोर विचारतीया. मंदी किती दिवस चालणार?”

“हे बघा, तुम्हाला धंद्यातलं...”

“मला धंद्यातलं कळत न्हाई. मला विचारलेलं कळतं. बेळगावात मंदी गणपतीला गेली. आणि आपल्या भिंतीवर अजून बसलीया व्हय? तुम्हाला ऑर्डर आलीच न्हाई, का आली आणि तुम्ही परत पाठवली?”

साहेबांनी हलगेकरांकडं बघितलं, दाराकडं बघितलं, कुठंच बघायला जागा उरली नाही तेव्हा आवाज चढवला. “आली होती. नाही घेतली. माझा कारखाना आहे. मला नाही चालवायचा. रस्त्याकडेची जागा आहे, इथं काय काय होऊ शकतं तुम्हाला कल्पना नाही. आयुष्यभर तेलात हात घालून बसायचं नाही मला. त्यात गुन्हा काय आहे?”

“काई न्हाई,” मी म्हटलं. “विका की. तुमचं हाय. पण आम्हाला सांगितलं का न्हाई? ह्यांना खुर्चीत बसवून चहा पाजलात. दुसऱ्याचा हात बघवणार न्हाई म्हणालात. त्यांची नोकरी घालवलीत, कशापायी? आज लेथ चालवून दाखवायला माणूस पाहिजे होता म्हणून? आम्ही रविवारी येऊन मशीनं धुतली, आमच्या पोरींनी हार केले, ते सगळं गिऱ्हाइकाला माल चांगला दिसावा म्हणून? देवाचं नाव घेऊन आमच्याकडनंच आमचा बाजार मांडून घेतलात!”

“तात्यांची शपथ, मी तुमची...”

“तात्यांचं नाव घेऊ नका.” हे बोलले ते आमचे हे. ह्यांनी आयुष्यात कुणाला आवाज चढवून बोललेलं मी ऐकलं नव्हतं, तेव्हाही चढवला नाही. सरकवलेला हार त्यांनी नीट जागेवर आणला, स्वस्तिकावर पडलेला लोखंडाचा कीस हातानं गोळा करून खिशात टाकला आणि आमच्या धाकटीला कडेवर घेतलं. “चल. पूजा झाली.”

हलगेकर दारापर्यंत आमच्या मागं आले. म्हणाले, “उद्या दसरा झाल्यावर ट्रक आणायचं ठरलंय. पण मी सांगून ठेवतो, तुम्ही पूजा उतरवल्याशिवाय माझा माणूस हात लावणार न्हाई. आमच्यातबी हाय की ओ हे.”

त्या माणसावर मला रागावता आलं नाही. रागावता येत नाही ह्याचाच मला जास्त राग आला. घरी आल्यावर मी म्हटलं, “बेळगावच्या फोनवर तुम्ही नको म्हणालात, ते साहेबांच्या शब्दावर. हा शब्द मी त्यांना परत दिल्याशिवाय राहणार न्हाई.” हे म्हणाले, “दे. पण शिव्या देऊ नको.”

संध्याकाळी बाबूकडं सगळे जमले. फार बोलायला लागलंच नाही. कुणी दगड मारू म्हणालं, कुणी पोलिसात जाऊ म्हणालं, मग बाबूच म्हणाला, “कायबी करायचं न्हाई. हेच करायचं. कायबी करायचं न्हाई.” आणि सगळ्यांना एकदम कळलं.

मशीनं शेवटी गेलीच. जायचीच होती. पण जो तो आपलं पगाराचं येणं हातात घेऊन मगच आपलं फूल उचलायला गेला, आणि तोपर्यंत हारांच्या काड्या झाल्या होत्या. ह्यांना पुढं मिरजेत एका पंपवाल्याकडं काम मिळालं, लहान लेथवर. मोठ्या लेथवर त्यांचा हात परत कधी बसला नाही. आज त्या जागेवर लग्नाचं कार्यालय आहे. लोक जेवायला बोलावतात, मी जात नाही. टीव्हीवर कुणी टाय लावून सांगायला लागला की मंदी अमुक महिन्यांत संपेल, तर मी उठून टीव्ही बंद करते. नातू हसतो. हसू दे.

पण मला सांगायची आहे ती दसऱ्याची सकाळ.

आम्ही सगळे रोजच्या वेळेला गेलो, आंघोळी करून, पोरांसकट. बाहेर बेळगावचा ट्रक उभा होता. मार्केट यार्डातनं आणलेले हमाल पहारी, दोर, लाकडी रोलर घेऊन शटरजवळ बसले होते. आम्ही आत गेलो आणि आपापल्या मशीनपाशी उभे राहिलो. कुणी मशीनला हात लावला नाही. फुलं तशीच.

साहेब आले. “उचला आता,” म्हणाले.

कुणी हललं नाही.

“अण्णा, पूजा उतरवा.”

हे लेथशेजारी हात मागं बांधून उभे होते. “आज मन न्हाई साहेब,” म्हणाले.

साहेबांनी हमालांना हाक मारली. त्यांचा मुकादम आत आला, हार बघितले, कुंकू बघितलं, आमची तोंडं बघितली आणि चपला हातात घेऊन परत दाराशी गेला. “पूजा हाय मालक. ज्याची त्यानं काढू द्या. आम्ही बसतो की.” आणि बसले, तंबाखू मळत.

मग साहेब स्वतः लेथकडं गेले. हाराला हात घालायला पुढं झाले आणि थांबले. समोर भिंतीवर तात्यासाहेबांचा फोटो होता, त्यालाही आम्हीच आदल्या दिवशी हार घातलेला. साहेब तसेच मागं फिरले. इस्त्रीच्या शर्टाला काखेत घाम आला होता. ट्रकवाला बाहेरून हॉर्न मारत होता.

ते माझ्या टेबलासमोर आले. मखमलीवर गेज तसेच मांडलेले, प्रत्येकावर एकेक शेवंतीचं फूल.

“रत्नाताई,” ते दात आवळून म्हणाले, “किती दिवस चालणार आहे हे असं?”

मी त्यांच्या केबिनच्या काचेतून भिंतीवरच्या त्या रेघेकडं बघितलं. खाली खाली जाऊन जरा वर वळलेली.

“दिवाळीपर्यंत, साहेब.”

“कुठल्या दिवाळीपर्यंत?”

“ते,” मी म्हटलं, “आम्हीबी तुम्हाला कधी विचारलं नव्हतं.”